नव्या फोनची ओळख

...आणि वरून मलाच म्हणतात, पोरगी फार तोंडाळ! अहो, निदान तोंड तरी चालत होतं, फोन तर तेवढाही चालत नव्हता! नवाकोरा फोन, काचेवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं मी. आणि घेतला कशासाठी? नर्सिंगची यादी लागणार होती. जागा मिळाली की मेसेज येणार, आणि मेसेज आला की पाच दिवसांत जाऊन ती पक्की करायची. बस, एवढ्यासाठी फोन!

तुम्हाला सांगते, आमच्या गावात रेंज एकाच जागी येते, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली. तिथे दसरूकाकांचा रबरबँड लावलेला फोन वाजतो, शेजारच्या रीताचे व्हिडिओ पळतात, शेळ्या राखणारी म्हातारीसुद्धा हैदराबादच्या लेकाला शिव्या घालते. आणि माझा फोन? 'सेवा उपलब्ध नाही.' वर धरला, खाली धरला, आरतीसारखा ओवाळला... नाही म्हणजे नाही! मी म्हटलं, बाबा, फोन खराब निघाला, उद्याच अहेरीला जाऊन बदलून आणू.

तर बाबा जाळ्याचं भोक सांधता सांधता म्हणतात, "डिंपल, नवं जाळं पहिल्या दिवशी मासोळी धरते का? त्याले पाण्याची ओळख व्हाव लागते. ओळख होऊ दे."

आता बोला! चाळीस वर्षं तलावात काढलेला माणूस, त्याला काय सांगणार? तरी सांगितलं मी. फोन म्हणजे जाळं नाही, बाबा! तर म्हणतात, "हवेतून धरते ना? मंग जाळंच झालं." बरं, माझं सिम तुमच्या बटनवाल्या फोनात घालून बघू? "खोलू नोको माय, म्हातारा आहे तो, मरन." बरं, रीताच्या फोनात? "लोकाची वस्तू बिघडली तं भरून कोण देईन?" बरं, दुकानदाराला नुसतं विचारून येऊ? "भूपेशभाऊ दर बाजाराले आपली मासोळी घेते. त्याच्या दुकानात जाऊन भांडशीन? लोक का म्हणतीन?" लोक! माझी जागा जाईल त्याचं काही नाही, लोक काय म्हणतील!

आणि मी बी.ए. झालेली पोरगी, थांबले हो! रोज संध्याकाळी पाळीवर फोन घेऊन उभी. दसरूकाका हसतात, "झाली का वं ओळख?"

नवव्या दिवशी मात्र बाबांना हाताला धरून बसमध्ये बसवलं. बिल बाबांच्या नावावर ना! दुकानात शिरले, बिल ठेवलं, डबा ठेवला. भूपेशभाऊंनी आधी चहा मागवला, मग बोट वर केलं. भिंतीवर पाटी: 'बदली सात दिवसांच्या आत.'

"दोन दिवस उशीर केला न् ताई तुम्ही!"

मी म्हटलं, ती पाटी तुमची आहे, कायदा नाही. वॉरंटी वर्षाची आहे, तुमच्याच कार्डावर छापली आहे. सदोष माल विकलात, लिहून घ्या, नाहीतर गडचिरोलीला ग्राहक आयोगात तक्रार टाकते! भूपेशभाऊंचा चहा निवला. हात वहीकडे निघाला, तुमची शपथ, निघालाच होता... आणि बाबा बोलले.

"पोरीचं मनावर घेऊ नोको, भाऊ. मीच थांबवलो तिले. नवं जाळं आहे, ओळख होऊ दे म्हणलो."

"अगदी बराबर, इस्तारीभाऊ!" आणि हात परत खिशात! माझा बाप, माझ्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार, दुकानदाराच्या बशीत चहा ओतून पिऊन राह्यला!

मी ऐकते का? म्हटलं, अहेरीत टॉवर तर डोक्यावर आहे, लावून दाखवा रेंज! लावून पाहिली. नाही लागली. मग माझं सिम त्यांच्या फोनात घातलं... टुंग, टुंग, टुंग! नऊ दिवसांचे मेसेज धडाधड! आणि त्यात एक नर्सिंगचा. जागा मिळाली होती हो मला. गडचिरोलीतच. मुदत कालच संपली होती.

भूपेशभाऊंनी गुपचूप तक्रार लिहून घेतली, शिक्का मारला. परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत होते. अर्ध्या वाटेत एवढंच म्हणाले, "खारे फुटाणे घेऊ का?" मी नाही म्हटलं. तरी घेतले. सगळे माझ्याच ओंजळीत ओतले.

महिन्याने कंपनीने फोन बदलून दिला. दुसरा, नवा! मी पाळीवर गेले, चालू केला, एका मिनिटात रेंज! चारही रेघा! मी जिंकले होते, कळतंय ना तुम्हाला? कायद्याने जिंकले होते! बाबा धावत आले, रेघा मोजल्या, आणि डोळ्यांत पाणी आणून अख्ख्या पाळीला ऐकू जाईल असे ओरडले,

"पाहा! झाली का नाई ओळख!"

पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरणार आहे. नंबर मात्र बाबांच्या बटनवाल्याचा देईन म्हणते. त्याची ओळख जुनी आहे.