साड्यांच्या घरात मऊ चिंधी नाही

मी मूळची शिरपूरकडची, तापीकाठची, आणि हे सूरतही तापीवरच, म्हणून लग्न होऊन इथे गोडादऱ्यात आले तेव्हा वाटलं नदी तर आपलीच आहे, जीव रमेल. काय सांगू तुम्हाले ताई, नदी कुठली दिसते, घरामागं खाडी आहे, मिलमध्ये जो रंग चालू तोच खाडीत. आमचे हे इथून जवळच्या सचिन गावात, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये, घरी आले की त्यांचे हात पाहून मी सांगायची आज कोणत्या रंगाच्या साड्या निघाल्या.

मी घरीच साडीचं काम करते, धागे कापायचे, खडे चिकटवायचे, घडी घालून पिशवीत टाकायची. आधी माल गेला की गेला. आता बाया मोबाइलवर मागवतात, उघडून पाहतात, परत पाठवतात, मग तीच साडी माझ्याकडे येते, पुन्हा घडी, पुन्हा नवी पिशवी. डाग निघाला तर शेठ म्हणतो धुणं परवडत नाही, टाकून दे. टाकतात कुठे, खाडीच्या काठावर, ती सडत नाही, जाळली तर धूर घशात बसतो. मी एकदा म्हटलं शेठ, थोड्या कमी बनवा ना. तो हसला, म्हणाला मग मासी, तू काय खाशील. खरंच बोलला, त्याचाच तर राग येतो मले.

पण तुम्ही या बाळाच्या गोधडीचं विचारलं ना ताई, ते सांगते. माझी मनीषा पहिल्या बाळंतपणाले आली. आमच्यात बाळाले नवं कापड लावत नाहीत, आजी-पणजीनं नेसून नेसून मऊ केलेल्या सुती लुगड्याची गोधडी, तिच्यातच बाळाचा पहिला सव्वा महिना. मी पेटी उपसली, गादीखाली पाहिलं. घरात पाय ठेवायले जागा नाही एवढ्या पॉलिस्टरच्या साड्या, आणि सुती एक चिंधी नाही.

म्हटलं माहेरी मिळेल. दर आखाजीले, अक्षय्य तृतीयेले, मी माहेरी जाताना डागाच्या साड्यांचं गाठोडं न्यायची, वहिनी खूश, गल्लीतल्या बाया खूश, लवकर वाळते, इस्त्री नको, सूरतवाली आली म्हणून माझा केवढा मान. या वेळी मी हात पसरला, वहिनी, आईचं एखादं लुगडं दे. ती बिचारी म्हणाली, अक्का, तूच त लई येस ना साड्या, आते लुगडं कोन नेसस? आणत होते खरं मीच. आईची लुगडी भांड्यांच्या बदल्यात भांडेवालीले गेली होती. गल्लीत घरोघर विचारलं, दोऱ्यांवर सगळीकडे माझ्याच साड्या वाळत होत्या. तिथं मले रडू आलं ताई.

मग साड्यांचीच शिवली. सुई सटकते, टाका बसत नाही. मनीषाले पोरगी झाली, तिनं शू केली की पाणी वरच राहतं, मुरतच नाही, पाठ लालेलाल झाली तिची. मनीषानं मोबाइलवरून गोधडी मागवली, वर लिहिलेलं शुद्ध सुती. पिशवीत पिशवी, त्यात पिशवी. मी कडेचा धागा ओढला, दिव्यावर धरला. सुती असता तर राख झाली असती. तो आकसला आणि काळा टणक मणी झाला. मनीषा म्हणाली, आई, हे परत पाठवते. मी म्हटलं, नको पाठवू बाई, परत पाठवलेलं माझ्याकडंच येतं.

आता पाहा, नात त्या मागवलेल्या गोधडीवरच झोपली आहे, पाठीले खोबरेल लावलंय. उठली की तिले घ्या हातात, ताई, आशीर्वाद द्या. देव तिले सुखात ठेवो, मऊ काही तर मी देऊ शकले नाही. खाली परतीचा माल घेऊन टेम्पो आला वाटतं, तो गठ्ठा जरा तुमच्याकडं सरकवून घ्या.