वर्गाचा फोटो

अहो, कडेला नाही, मधोमध! फोटोग्राफर, तुम्हालाच सांगतेय — खुर्चीची चाकं दिसली म्हणून काय बिघडलं? मुलगी चाकाच्या खुर्चीत बसते, तर चाकं दिसणारच. पुढची रांग तुटते? मग तो मधला बाकच काढा ना! उंच मागे, बुटके पुढे — सगळं पाठ आहे मला, इतकी वर्षं वर्गशिक्षिका आहे मी. पण ही मधोमधच हवी. वर्गातली आहे ती, पाहुणी नाही. — ए, सरका रे जरा तिच्याजवळ! बघा, बघा, दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडून उभी राहिलीत गाढवं. सरका म्हटलं की एकमेकांना ढोसतात. चावते का ती? मुळीच नाही. बोलायला मात्र तिखट हं — आमचे क्लार्क तिला वकीलबाई म्हणतात. दिवसभर त्यांचं डोकं खाते.

दिवसभर म्हणजे — आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर ना. लिफ्ट नाही. उचलून नेलेलं तिला खपत नाही, आणि पडलीबिडली तर जबाबदारी कोणाची? म्हणून खाली बसते, क्लार्कच्या शेजारच्या टेबलाशी. कितीदा म्हटलं मुख्याध्यापिकाबाईंना — अहो, आमचा वर्गच खाली आणा! तर म्हणे, खाली संगणक आहेत, पुढच्या वर्षी बघू. संगणकांना जिना चढवत नाही वाटतं! — नाही, शिकते की ती. मी जाते ना मधल्या सुट्टीत शिकवायला. म्हणजे, जायचे. आता वह्या तपासायच्या, पालकांचे फोन, वर बैठका — मला काय चार हात आहेत? त्यात आज सकाळपासून बाईंचा लकडा — तिला मधोमध घ्या, चाकं नीट दिसू द्या, माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापायचंय. वर मोठ्या अक्षरांत 'सर्वांची शाळा'! बडा घर पोकळ वासा, दुसरं काय. — हो, त्यांचाच हुकूम. मला काय हौस आहे तुमच्याशी भांडायची? पण राग काढायचा कोणावर माणसानं?

काय म्हणालात? मान वळवतेय सारखी? थांबा, सांगते तिला. — काय गं वकीलबाई, मागे काय बघतेस? समोर कॅमेऱ्याकडे बघ, सगळ्यांचा खोळंबा होतोय... काय? मोठ्यानं बोल की.

...

ऐकलंत? — नाही, तुम्हाला ऐकू नसेल गेलं. विचारतेय, 'बाई, हाच ना माझा वर्ग?' वर्ष संपत आलंय हो. आणि ही पोरं — एकालाही तिचं नाव नसेल माहीत, म्हणून तर सरकत नाहीत. येतील कशी जवळ? त्यांच्यासाठी पाहुणीच की ती.

नको, हसा म्हणू नका त्यांना. तो कॅमेरा बंद करा. — मुख्याध्यापिकाबाई रागावतील? रागावू देत. काय सांगायचं ते मी सांगेन. पोरांनो, मोडा रांगा. — अहो, उभे काय राहिलात अजून? नाही काढायचा फोटो. निघा तुम्ही.