मोनाला कुणी विचारलंच नाही

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय राजवर्धन आबासाहेब, मुख्याध्यापिका अंजनाताई, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या विज्ञानाच्या वर्षाराणी मॅडम, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सासूबाई बनाबाई, शिक्षक बंधुभगिनींनो, उचगावकर मंडळी आणि खिडकीत चढून बसलेल्या विद्यार्थ्यांनो, सर्वांना नमस्कार.

फेटा घट्ट बसलाय, डोकं गरगरतंय, असं सांगून मला आज दोन मिनिटांत सुटता आलं असतं. मोह झाला होता. पण आबासाहेबांनी माझी ओळख करून देताना जे सांगितलं, त्यानंतर सुटणं बरं दिसणार नाही. ते म्हणाले, यांच्या सिनेमानं घरं सावरली. आपल्या मॅडमनी तो बघूनच नोकरी सोडायचं ठरवलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. खरं सांगू? मला खुर्चीखाली जाऊन बसावंसं वाटलं.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांना थोडक्यात सांगतो. शिरोळकडची सून मोना. दूध संघाच्या प्रयोगशाळेत अधिकारी, हुशार, तोंडानं फटकळ. शेवटी घरच्यांसाठी नोकरी सोडते, पदर खोचून स्वयंपाकघरात शिरते आणि सिनेमा संपतो. हा शेवट मी लोकांना चीड यावी म्हणून लिहिला होता. एवढी कर्तबगार बाई ओट्यापुढं उभी केली, हे बघून रक्त तापावं, एवढीच इच्छा. आणि केलं काय? तिच्या चेहऱ्यावर कोवळं ऊन पाडलं. सनई लावली. सासऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणलं. अहो, एवढी साखर ओतल्यावर कडू कुणाला लागणार?

कोल्हापुरातल्या पहिल्याच खेळाला लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. बाहेर एका गृहस्थानं माझा हात धरला. "पावणं, काय शेवट केलासा! समद्या सुनांना दाखवाय पायजे!" तिथंच सांगायला हवं होतं, की अहो, तुम्ही उलटं घेतलंत. मी म्हणालो, "धन्यवाद." कारण दारात हाऊसफुल्लचा बोर्ड लागला होता. मग सत्कार सुरू झाले. मी शाली घेत गेलो आणि स्त्रीच्या त्यागावर गोड गोड बोलत गेलो. लाज वाटते आज.

मघाशी चहाच्या वेळी बनाबाई कौतुकानं म्हणाल्या, "दोनदा बघितला पिक्चर. घरी येऊन हिला म्हटलं, बघ ती मोना, कशी शहाणी हाय. ही काय बोलली न्हाय. म्हटलं, पटलं हिला." बनाबाई, रागावू नका. तुमचे गुडघे धरलेत, नातीची दहावी आहे, घरात हात हवा हे खरंच आहे. तुम्ही पडद्यावर दिसलं ते घेतलंत. दाखवणारा मी.

मग मी मॅडमना बाजूला गाठलं. विचारलं, "मॅडम, तुम्हाला जायचंय का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "सर, तुमच्या मोनाला हे कुणी विचारलं होतं का?"

मी आठवू लागलो. नवऱ्याला संवाद आहेत, सासऱ्याला तर भाषणच आहे. शेजारणीलासुद्धा दोन वाक्यं दिलीत. शेवटच्या प्रसंगात मोनाला एक शब्द नाही. मला वाटायचं, तिची शांतता किती बोलते! कप्पाळ माझं. तिला कुणी बोलूच दिलं नव्हतं, आणि त्यात पहिला मी.

या मॅडमनी ग्रहणाच्या दिवशी घरात कोंडलेल्या गरोदर बायकांना शाळेच्या मैदानात आणलं आणि चष्मे देऊन ग्रहण दाखवलं, असं अंजनाताई सांगत होत्या. अशी बाई माझ्यामुळं घरी बसणार असेल, तर मी काय तोंड दाखवू?

आता टेबलावर मूठ आपटून "मॅडम, जाऊ नका" असं मी म्हणू शकतो. तुम्ही टाळ्याही वाजवाल. पण म्हणजे परत मीच शेवट लिहिला की! तेवढं पाप आता नको. राजीनामा अजून अंजनाताईंच्या टेबलावरच आहे, संस्थेकडे गेलेला नाही. आणि आजच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं मनोगत आहे, अध्यक्षीय भाषण आहे, आभार आहेत. मॅडमचं बोलणं मात्र वेळेअभावी गाळलंय. निरोप त्यांचा आणि वेळ सगळा आमचा!

संस्थेनं मानानं बोलावलं, तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. ही शाल घडी करून इथंच ठेवतो. ती माझ्या अंगावर शोभत नाही. कुणाला मान द्यायचा राहिला असेल, बोलण्यात कुणाला लागलं असेल, तर सांभाळून घ्या. वर्षाराणी मॅडम, तुमची माफी वेगळी मागतो. ती द्यायची की नाही, तुम्ही बघा. माझा उरलेला वेळ...

काय म्हणालात बनाबाई? बसूनच बोला, गुडघ्यांना त्रास नको. जरा मोठ्यानं.

मागच्या मंडळींना ऐकू आलं नसेल. बनाबाई सुनेला म्हणतायत, "तुला काय पायजे ते सांग की गं. मी तरी कुठं इचारलं?"

मॅडम, या. माईक चालू आहे. मी खाली बसतो.