‘डाइड’च्या पुढे

नर्सच्या जागेसाठी मुलाखती चालू होत्या. लेकीला सोबत म्हणून आलेले इंग्रजीचे निवृत्त मास्तर बाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी सासू-सून बसल्या होत्या. कुठल्या इंग्रजी शब्दापुढे ‘टू’ येतं, कुठल्यापुढे ‘ॲट’, हे लिहिलेली वही सासूच्या हातात होती आणि ती सुनेला विचारत होती. मास्तर पेपर वाचत होते, पण कान तिकडेच होते.

“गुड?”

“ॲट. गुड ॲट नर्सिंग.”

“मॅरीड?”

“विथ.”

“इथं टू लिहिलंय.”

“लग्न तर एकमेकांशी होतं ना, आई?”

“ते इंग्रजांना विचार. तू आपलं टू म्हण. आता डाइड?”

“ते राहू द्या ना.”

“का राहू द्या? मागच्या वेळी नवऱ्याचं विचारलं आणि तू तिथंच अडलीस. हातातोंडाशी आलेली नोकरी गेली.”

“शब्दासाठी नव्हते अडले.”

“ठाऊक आहे मला. म्हण.”

“माय हजबंड डाइड फ्रॉम...”

“ऑफ. पुन्हा म्हण.”

“तुमच्यासमोर नको, आई.”

“माझ्यासमोर जमलं तर कुठंही जमेल. डोळे पूस आधी.”

“माय हजबंड डाइड ऑफ जॉन्डिस.”

“पुन्हा.”

पाचव्या वेळी सुनेचा आवाज कापला नाही. तेवढ्यात तिला आत बोलावलं. ती गेल्यावर मास्तरांना राहवेना.

“बाई, मी इंग्रजीच शिकवायचो. तिथं फ्रॉमसुद्धा चालतं बरं का.”

“वहीत दोन्ही लिहिलंय. तिला सांगू नका. चुकेल म्हणून शब्दाकडे लक्ष राहतं, मग वाक्य तरी पुरं होतं.”