मधला डबा बंद केला तवा

मी मूळची राणीसावरगावची. घरात मेंढरं, बाप सालाचे कितीक महिने मेंढरांमागं बाहीर, आन् भावंडांत मी एकटीच साळंला चिकटून बसल्याली. दहावी झाली तवा मामा म्हन्ले शिवणकाम शिकव तिला, बाप म्हन्ला तिला वायरीतलं कळतंय तर तेच शिकू द्या. मंग गंगाखेडला विजेचं आयटीआय केलं. लगीन होऊन पाथरीकडं आले, मालक जीप चालवत्यात, आन् इथंच रानात एक गूळ पावडरचा कारखाना झाला तिथं लागले. काय सांगू तुमाला, पहिल्याच दिशी गेटवरचा माणूस म्हन्ला, बाई, तोडणीवाल्यांची रांग तिकडं हाय.

तिथं उस्मानभाई व्हते. कारखान्यातले जुने इलेक्ट्रिशियन. त्यांनीच मला हाताखाली घेतलं. म्हनायचे, बेटी, करंटला भ्यायचं न्हाई, पण त्याची इज्जत ठिवायची. मोटारीला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडायचा म्हंजे पाडायचाच, हे त्यांचं बोलणं.

दोन-तीन सीझनमागं कारखान्याच्या साहेबांनी सगळ्या मोटारी कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरला जोडल्या. दर मोटारीला एक डबा, तो मोटारीचा वेग कमीजास्त करतो. डब्याला नेटच्या वायरीची दोन भोकं, एकातनं आत, दुसऱ्यातनं पुढल्या डब्याला. बाया आडावर रांगेनं उभ्या राहून घागर पुढं देत्यात ना, तसं. आता ही तांब्याची वायर शंभर मीटरच्या पुढं भरवशाची न्हाई. पण मधी डबा आला की तो निरोप घेतो आन् नव्या दमानं पुढं धाडतो, तिथनं परत शंभर मीटर. असं करत करत पार टोकाच्या रसाच्या टाकीपतूर गेलो आमी. खोट एकच. मधला डबा बंद पडला की त्याच्या पुढले सगळे मुके. त्यावर विलाज म्हंजे टोकाच्या डब्यापासून कंट्रोल रूमला माघारी वायर आणून वायरीचं गोल कडं पुरं करायचं, मंग निरोप दुसऱ्या अंगानं जातो. पण त्या वाटंला मधी डबा न्हाई, अंतर लय, तिथं काचेची वायर, फायबर म्हन्त्यात ती, लागती. ती आली नव्हती, आन् उसाच्या गाड्या दारात. साहेब म्हन्ले, माल आला की करू, तवर असंच चालवू.

एका दुपारी बगॅसचा पट्टा अडकला. बगॅस म्हंजे चिपाडं. उस्मानभाईंनी कायद्यानं पट्ट्याच्या मोटारीचा मेन स्विच पाडला, त्यासंगं तिचा मधला डबाबी बंद झाला, पट्टा मोकळा केला, आन् पाने घेऊन टाकीखालून माघारी यायलते. तिकडं कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर टाकीतल्या रसाचा आकडा हाय तसाच उभा. पुढले डबे मुके झाल्याले, पंप मात्र जुन्याच वेगानं रस ढकलायला. मी टाकीकडं जायच्या वळणावर व्हते. वर बघते तर टाकीच्या काठावरनं वाफ. उस्मानभाई, हटा, म्हनून वरडले, तवर कढत रस त्यांच्या मांडीवरनं पायावर आला. मी धावत जाऊन पंपाचं लाल बटन दाबलं, आन् पाण्याचा पाइप त्यांच्या पायावर धरला तो जीप येईपतूर धरला. ते वरडले न्हाईत. नुस्तं माझं मनगट धरून बसले.

परभणीला दवाखान्यात ठिवलं. हिकडं लोकांच्या तोंडाला काय कुलूप हाय का, म्हातारबानं स्विच पाडला म्हनून टाकी भरली, झालं. ते त्यांच्या कानावर गेलं. मी भेटाय गेले तर त्यांनी तोंड भिताडाकडं केलं. त्यांची बायको, आमच्या भाभी, म्हन्ल्या, जेवंनासे झालेत, म्हन्तात हयातभर दुसऱ्याला शिकवलं आन् माझ्याच हातानं कसूर झाली. मी लय समजावलं, ऐकनात. मंग मी साहेबांच्या केबिनीत गेले. म्हन्ले, साहेब, हे माझ्यानं होत न्हाई, तुमी चला. त्यांनी टेबलावरली गाडीची किल्ली उचलली.

दवाखान्यात कॉटपशी उभं राहून साहेब म्हन्ले, उस्मानभाई, तुमी स्विच पाडला ते बराबर केलं. कडं पुरं न करता मशिन चालू केली, ते माझं चुकलं. उस्मानभाईंनी तोंड भिताडाकडनं आमच्याकडं वळवलं. मंग भाभीला म्हन्ले, साहेब आलेत, चाय तो मंगाव.

सीझन संपल्यावर काचेची वायर आली, आमी कडं पुरं केलं, आन् निरोप आला न्हाई तर पंपानं आपसूक थांबायचं हेबी डब्यांना शिकवलं. तपासायच्या दिशी टाकीत पाणी सोडून साहेब म्हन्ले, पट्ट्याचा स्विच उस्मानभाईच पाडतील. त्यांचा हात वर गेला, खाली आला. कुणी घाई केली न्हाई. परत गेला, आन् खट्. सगळे स्क्रीनकडं बघायलते, एक डबा तेवढा लाल झाला, टाकीचा आकडा आपला हलायलाय. मी मात्र त्यांच्याकडं बघत व्हते. त्यांनी डोळे मिटल्याले. म्हन्ले, बेटी, बोल्तीय का टाकी? म्हन्लं, बोल्तीय, भाई.

आता ते जड काम करत न्हाईत, उन्हात पायाची अजून आग व्हती. नव्या पोरींना शिकवत बसत्यात, दोन पोरी हायत यंदा. माझंबी बरं चाललंय. दुखणं काय सरत न्हाई, पण मानूस ताठ मानेनं कामावर येतंय, त्याला अजून काय पाह्यजे. देव त्यांना हातीपायी धड ठिवो. तुमालाबी ठिवो.