पपईचा प्रयोग

मटणाचा विषय निघालाच आहे, तर ऐका. दाढा गेल्यापासून मी मटण सोडलं होतं. कुणी विचारलं तर सांगायचो, मन उडालं. दाढांचं सांगून कीव कोण करून घेणार?

माझी नात केमिकल इंजिनिअरिंग शिकते. सुट्टीत आमच्या गावी, डोंगरकड्याला आली आणि म्हणाली, "आबा, कॉलेजचा प्रयोग आहे. कच्च्या पपईत एन्झाइम असतं, ते मटण मऊ करतं. तुमी खाऊन मार्क द्यायचे."

"मी काहून? माझी शाळा चौथीपर्यंत."

"दुसरे गोड बोलतात. तुमी तोंडावर बोलता."

हे बराबर होतं. जेवायला बसलो. पण आमच्या म्हातारीनं पपई उकळत्या रश्श्यात टाकली होती. मटण चामड्यासारखं लागलं. "शून्य," मी म्हणालो.

नात हसली. "आजी, उकळीत एन्झाइम मरतं. आधी चोळून ठेवायचं असतं."

पुढच्या रविवारी तिनं स्वतः पपईचा गर मटणाला चोळला, तासभर ठेवलं आणि मग शिजवलं. मी दोन वाट्या खाल्ल्या. दाढांची आठवणसुद्धा झाली नाही.

"आण तुझी वही," मी म्हणालो. "मार्क लिही."

ती खाली बघून म्हणाली, "वही न्हाई, आबा. प्रयोग कॉलेजचा नव्हताच."

मी रिकामी वाटी पुन्हा तिच्यापुढं केली आणि म्हणालो, "दहापैकी नऊ."

"एक काहून कापला?"

"दहा दिले, तर पुन्हा कशाला करशील?"