फुलाचा दात, माझा नवस

...आणि वर पुन्हा मलाच विचारतात, "असला कसला नवस बोललीस गं?" आता तुम्हाला सांगते, नवस बोलताना माणूस काय पंचांग उघडून बसतं का? आमची तिसरीतली फुला पंचमीला फुगडी खेळताना हात सुटून ओट्यावर आपटली, पुढचा दात अर्धा तुटला, आणि रक्त बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "मेंगाई माते, पोरीचा दात वाचू दे! तो बरा होईस्तोवर मी चावून खायचा जिन्नस तोंडात घालणार नाही!" मला वाटलं, फार तर आठवडाभर! पण बोलले ते बोलले. नवस तो नवस!

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपासून न हलता म्हणाल्या, "दुधाचाच असंल. पडला की कौलावर टाकू, नवा यील. त्यात रडायचं काय?" झालं! आम्ही बसलो वाट बघत. दात पडायचं नाव घेईना, वर काळवंडला, हिरडीला फोड आला, पू यायला लागला. भोरच्या डॉक्टरांनी बघितलं. "दुधाचा कुठला? कायमचा आहे हा. उपटून टाका." उपटून? अहो, तो काही परत उगवणार आहे का? मग काय, पोरीनं बोळकं घेऊन बोहल्यावर चढायचं?

निघालो एसटीनं पुण्याला! तिथले दातांचे डॉक्टर तरुण, बोलायला गोड. दाताचा फोटो काढला, उजेडाला धरला न् म्हणाले, "दात वाचेल, बाई. पण आतली नस मेलीय, आणि मूळ पुरतं वाढायच्या आधीच मेलीय. टोकाला उघडंच राहिलंय ते. आज भरलं तर भरलेलं खालून बाहेर जाईल."

"म्हणजे तान्ह्या पोराची टाळू भरलेली नसते, तसं?"

"अगदी तसं! आत चुन्याचं औषध घालू. टोक हळूहळू बंद होईल, मग कायमचं भरू."

चुना म्हटल्याबरोबर आमचे हे खिसा चाचपत म्हणाले, "चुना व्हय? माझ्या डबीत हाय की!" मी असे डोळे वटारले! मग भीत भीत विचारलं, "डॉक्टर, टोक बंद व्हायला किती दिवस?"

"दिवस? वर्ष... दीड वर्ष धरा."

दीड वर्ष! खुर्चीत बसली होती फुला आणि चक्कर आली मला!

आमच्या गावात, उत्रोलीत, पंचायतच बसली म्हणा ना! भात चावतात का गिळतात? शेजारची ठकुबाई म्हणाली, "आसट भात चालंल. भाकरी दुधात कुस्कर. पण शेंगदाणा दाताखाली आला तर मेंगाईला कळंल बरं का!" दिवाळीला चकल्या तळल्या मी, कुडुमकुडुम आवाज दुसऱ्यांच्या तोंडात! संक्रांतीला तिळगूळ गालात धरून बसले, तो विरघळेपर्यंत गोड बोलायचीसुद्धा सोय नाही! पण नवस तो नवस!

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी फुलाचं तोंड उघडलं आणि कपाळाला हात लावला. "वरचं बूच उखडलंय! औषध पार धुऊन गेलं! अहो, कडक काही चावायचं नाही, असं पथ्य सांगितलं होतं ना?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "पाळलंय की! भाकरीचा पापुद्रासुद्धा चावला नाही!"

"कुणी?"

"मी!"

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "बाई... दात कुणाचा आहे?"

आणि आमचं रत्न खुर्चीतून काय म्हणतं? "आईनं माझ्या वाटचं सोडलंय की! म्हणून मी ऊस खाल्ला. दोघींनी कशाला सोडायचं?"

आता सांगा, हसू का रडू? पुन्हा औषध, पुन्हा फोटो, पुन्हा आसट भात. प्रत्येक खेपेला फोटो उजेडाला धरला की माझा जीव टांगणीला... टोक मिटलं का? मिटलं का? शेवटी एकदा डॉक्टरांनी बारीक सळई आत घालून बघितली, ती अडली! "बाई, टाळू भरली!" मी तिथंच हात जोडले. देवीला जोडले का डॉक्टरांना, माझं मलाच कळलं नाही. त्यांनी दात कायमचा भरला, आणि आम्ही वेल्ह्याची एसटी धरून तोरणा चढलो. मेंगाईपुढं नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा दाताखाली धरला... अहाहा! काय सांगू! डोळ्यांत पाणी आलं हो!

तेवढ्यात शेजारी फुला. हात जोडलेले, डोळे मिटलेले, आवाज खणखणीत. "देवी आई, मला चौथी पास कर! तोवर माझी आई दुपारची आडवी होणार नाही!"

देवीसमोर बोलली, पुजाऱ्यानं ऐकलं, आता मागं घेता येतंय? म्हणून तर भर दुपारी तुमच्या ओसरीवर येऊन बसलेय... अगं बाई, जांभई देताय? नका हो देऊ! पोरीची परीक्षा होईस्तोवर तुम्हीपण जाग्या राहा की माझ्यासारख्या!